बाबांची स्प्लेंडर: उभी राहिलेली गाडी चालती कशी ठेवायची

बाबांची १९९८ ची स्प्लेंडर चिपळूणच्या घरी पडवीत दोन पावसाळे उभी होती. गुडघे दुखायला लागले म्हणून बाबांनी गाडी सोडली आणि मी पुण्यात. गावी गेलो की सीटवरची धूळ झटकायची, आरशात बघून भांग पाडायचा, एवढाच तिचा-माझा संबंध. तिसऱ्या वर्षी गणपतीला किक मारायला गेलो, तर किक खाली जाईचना. गाडीला कधी अपघात नाही, इंजिन कधी उघडलेलं नाही, किलोमीटरही फार नाहीत. ती नुसती उभी राहून बिघडली होती.

हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ मध्ये आणि स्प्लेंडर १९९४ मध्ये. ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही सीडी १०० ची जाहिरात त्या काळच्या माणसांना अजून पाठ आहे. आपल्या लोकांनी त्यातला तिसरा भाग जरा जास्तच मनावर घेतला. ९७.२ सीसीचं ते आडवं इंजिन हयगय एवढी सोसतं, की गाडीला काही करावं लागतं हेच माणूस विसरतो. चालत्या गाडीला हे एक वेळ खपतं, उभ्या गाडीला अजिबात नाही.

पुढे लिहिलंय ते सीडी १००, स्प्लेंडर, पॅशन या एकाच इंजिनाच्या गाड्या समोर ठेवून. बुलेटवाल्यांना आणि इतर फोर-स्ट्रोकवाल्यांनाही यातलं बरंचसं चालेल. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकचं इंजिन-ऑइलचं गणित वेगळं आहे, त्यांनी तेवढा भाग सोडून द्यावा.

आधी कागद, मग पाना

गाडीवर एक रुपया घालण्याआधी आरसी बुक शोधा. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. १९९८ ची गाडी म्हणजे २०१३, २०१८, २०२३ आणि पुढे २०२८. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून फॉर्म २५ भरता येतो आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाची फी ३०० वरून १,००० रुपयांवर गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीसाठी ती २,००० झाली. उशीर केला तर महिन्याला ३०० रुपये दंड वेगळा. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला पर्यावरण करही आहे. हे सगळं जोडून बघा आणि मगच इंजिनाच्या कामाला हात घाला. मी उलट केलं. आधी इंजिन नीट केलं, मग कागद बघितले, तर पासिंग संपून वर्षं झाली होती. दंडाच्या पैशात दोन नवे टायर आले असते.

गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात असतील, तर फॉर्म २९ आणि ३० भरून आपल्या नावावर करून घ्या. मालक वारला असेल तर फॉर्म ३१ लागतो आणि तो अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. लोक वर्षानुवर्षं गेलेल्या माणसाच्या नावावर गाडी फिरवतात, आणि अपघात झाला की विम्यापासून सगळ्याला खो बसतो. गाडी विकत घेतलेली असेल, तर आधीच्या कर्जाचा बोजा आरसीवरून उतरलाय का, चलनं थकलीत का, हे परिवहनच्या संकेतस्थळावर बघा. शिवाय चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आपल्या डोळ्यांनी आरसीशी जुळवा. चेसिस नंबर हँडलच्या मानेपाशी ठोकलेला असतो. तो घासलेला, खोडलेला किंवा त्याच्यावर जाड रंग मारलेला दिसला, तर हात जोडा आणि घरी या.

विमा कितीही कमी वापर असला तरी हवाच. ७५ ते १५० सीसी गटाचा थर्ड पार्टीचा मूळ हप्ता जून २०२२ च्या दराने वर्षाला ७१४ रुपये आहे, त्यावर कर. बीएस-४ या प्रदूषणाच्या मानकाआधीच्या गाडीचं पीयूसी सहा महिन्यांचं असतं, एक वर्षाचं नाही, हे बरेच जण विसरतात. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेटही लागते. दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी.

उभ्या गाडीला किक मारू नका

सहा महिने किंवा त्याहून जास्त उभी असलेली गाडी दिसली, की आपला पाय आपोआप किककडे जातो. तो आवरा. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल कधीच ओघळून गेलेलं असतं, पिस्टनच्या रिंगांना गंज धरलेला असू शकतो, आणि कोरड्यावर मारलेली पहिली दहा किक सिलिंडरवर ओरखडे काढते. ते ओरखडे मग जन्मभर तेल पितात.

पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडून वास घ्या. ताज्या पेट्रोलचा वास ओळखीचा असतो. सडलेल्या पेट्रोलला रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास येतो. तसा आला तर सगळं काढून टाका. नव्यात मिसळून ‘खपवू’ नका. टाकीत टॉर्च मारा. तांबूस भुकटी दिसली तर टाकी उतरवून धुवावी लागेल. ते पुढे सांगतो.

मग प्लग काढा. सिलिंडर जवळजवळ आडवा असल्यामुळे वरून तेल ओतलं तर ते हेडपाशीच साचून राहतं. म्हणून इंजेक्शनच्या सिरिंजला बारीक नळी लावून चमचाभर इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून आत सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी चावी बंद ठेवून, प्लग न लावता, किक हाताने हळूहळू दाबा. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर पुन्हा तेल, पुन्हा एक रात्र. आमच्या गाडीला तीन रात्री लागल्या. पायाने जोर लावायचा मोह होतो, पण अडकलेल्या रिंगेवर जोर लावला की ती तुटते. तीन-चार दिवसांनीही ढिम्म असेल, तर फिटरला बोलवा, हेड उघडावं लागेल.

फिरायला लागलं की चालू करण्याआधी ऑइल बदला. उभ्या गाडीच्या तळाशी ओल साचते आणि जुन्या तेलातलं आम्ल बेअरिंगांना खातं. या इंजिनाला चारचाकीसारखा कागदी ऑइल फिल्टर नाही. एक जाळी असते आणि क्रँकच्या टोकाला गरगर फिरून कचरा बाहेर फेकणारं चकतीसारखं फिल्टर. दोन्ही क्लचच्या बाजूचं झाकण उघडल्यावरच साफ होतात आणि गावोगावचे फिटर ते कधीच उघडत नाहीत. आमच्या त्या चकतीत काळ्या लोण्यासारखा गाळ निघाला, जवळजवळ चमचाभर. वीस वर्षांचा असावा. झाकण उघडाल तेव्हा गॅस्केट नवं घ्या, जुनं परत बसवू नका.

ऑइल जुन्या इंजिनाला २० डब्ल्यू ४० चालतं, पण डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं बघून घ्या. क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. चारचाकीचं तेल स्वस्त पडलं म्हणून घातलं, की क्लच घसरायला लागतो आणि आपण क्लच प्लेटच्या नावाने खडे फोडतो. बाजारात ९०० मिलीच्या बाटल्या मिळतात. बाटली रिकामी करायची म्हणून सगळी ओतू नका. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करा, पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवा आणि वरच्या खुणेपर्यंत भरा.

कार्ब्युरेटरची वाटी उघडा. वाळलेल्या पेट्रोलचा पिवळा, चिकट थर असतो. जेट काढून पेट्रोलमध्ये भिजवा आणि हवेने फुंका. सुई, तार, टाचणी काहीही आत घालू नका. जेटचं भोक केसाएवढं वाढलं तरी गाडी पेट्रोल प्यायला लागते आणि मग कितीही स्क्रू फिरवा, ती ताळ्यावर येत नाही. एअर फिल्टर फोमचा असेल तर रॉकेलने किंवा साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, हलकं ऑइल लावून पिळा. कागदी असेल तर धुऊ नका, बदला. उंदराचं घरटं बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आता नवा प्लग, ताजं पेट्रोल, चोक, आणि किक. सुरू झाली की रेस वाढवू नका. स्लोवर चालू द्या आणि टॅपेटचं, म्हणजे हेडवर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागावरचं, झाकण उघडून वर तेल येतंय का बघा. थोडं अंगावर उडेल, उडू द्या. वर तेल आलं नाही तर लगेच बंद करा. सुरुवातीला निळसर धूर येणारच, आपणच आत तेल ओतलंय. पाच-दहा मिनिटांत कमी व्हायला हवा.

रबर, तारा, ब्रेक

इंजिन सुरू झालं की माणूस आनंदाने गावभर चक्कर मारायला निघतो. थांबा. जुन्या गाडीवर माणूस पडतो तो इंजिनामुळे नव्हे, टायर आणि ब्रेकमुळे.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसू दे, आठ-दहा वर्षांचं रबर दगड झालेलं असतं आणि पहिल्या पावसात डांबरावर साबणासारखं घसरतं. स्प्लेंडरला पुढे-मागे २.७५-१८ चेच टायर लागतात. ‘मागे जाड बसवू का’ असं दुकानदार विचारेल. नको म्हणा. हवा मी पुढे २५, मागे २८ ठेवतो. मागे कोणी बसणार असेल तर चाळीसच्या आसपास. चाकाच्या तारा पान्याने एकेक वाजवून बघा. घट्ट तार ‘टण’ बोलते, ढिली ‘थप्प’. दोन-तीन ढिल्या असतील तर आवळून, चाकाचा आउट (डुगडुग) काढून घ्या.

ड्रम उघडून लायनर बघा. मागच्या ड्रमवर बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेपाशी पोचला की लायनर संपला. आतली पूड तोंडाने किंवा हवेने फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा. क्लचच्या आणि पुढच्या ब्रेकच्या केबल काढून, प्लास्टिकच्या पिशवीचा छोटा नरसाळा करून टोकाला बांधा आणि रात्रभर तेल झिरपू द्या. टोकाशी एखादी तार जरी तुटून फिस्कटलेली दिसली, तर ती केबल बदला. फोर्कच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसला तर ऑइल सील गेलं. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध खट्टकन अडलं तर हँडलच्या मानेतली बॉल रेस बदलायची झाली. हे काम फार खर्चाचं नाही आणि केल्यावर गाडी नव्यासारखी वळते. लोक मात्र ते कधीच करत नाहीत आणि ‘म्हातारी डुगडुगते’ म्हणतात.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. या गाड्या बनल्या तेव्हा असं पेट्रोल कुणाच्या डोक्यात नव्हतं. त्याचा पहिला मार रबरावर बसतो. पेट्रोलची नळी, कॉकचा वॉशर, कार्ब्युरेटरमधले रबराचे ओ-रिंग, एवढं एकदा नवं घालून टाका आणि दरवर्षी नळी बोटाने वाकवून भेगा बघा. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं. त्यामुळे टाकी भरून गाडी तीन-तीन महिने ठेवायची जुनी पद्धत आता धोक्याची झाली आहे.

महिन्याचा अर्धा तास

बाबा कालनिर्णयच्या मागे दुधाच्या हिशेबाशेजारी गाडीचे किलोमीटर लिहायचे. मी अजून तेच करतो. कुठलं अ‍ॅप नको. ऑइल बदललं ती तारीख आणि मीटरचा आकडा, एवढं लिहिलं तरी पुष्कळ.

महिन्यातून एक सकाळ ठरवा. चेनच्या डब्याला रबरी बूच असतं. ते काढून बोटाने चेन वर-खाली करा. दोन ते तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. चाक फिरवून जिथे ती सगळ्यात घट्ट लागते तिथे मोजा, नाहीतर सैल जागी मोजून आवळाल आणि बेअरिंग खाल. आवळताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. चेन आणि तिच्या दोन्ही दातेरी चकत्या एकत्रच बदलायच्या. नवी चेन जुन्या दात्यांवर चार महिन्यांत ढिली पडते. ऑइलची पट्टी बघा. नट-बोल्ट हाताने चाचपा, विशेषतः सायलेन्सरचे आणि मागच्या कॅरिअरचे.

तीनेक महिन्यांनी प्लग काढून रंग बघा. मारी बिस्किटासारखा तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा फिल्टर तुंबलेला. ओला, तेलकट काळा म्हणजे आत ऑइल जळतंय. पांढरट म्हणजे कुठून तरी हवा घुसतेय, बहुधा कार्ब्युरेटर आणि इंजिनामधल्या जोडातून.

निळ्या धुराचं एक सांगून ठेवतो, कारण यात माणसं फसतात. सकाळी सुरू करताना थोडा निळा धूर येऊन बंद होत असेल तर व्हॉल्व्हचे सील गेलेत. ते काम लहान आहे. पिकअप घेताना सतत धूर असेल तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, झिजलंय. काही ठिकाणी धूर दिसला, की ‘इंजिन काढावं लागेल’ असं आधी सांगतात आणि मग बघतात. आधी कॉम्प्रेशन मोजायला लावा. बोअर मारायचाच झाला तर पिस्टन ०.२५ मिमीच्या पायरीने वाढवत एक मिमीपर्यंतच जाता येतं. म्हणजे प्रत्येक बोअर हा गाडीच्या आयुष्याच्या खात्यातून काढलेला हप्ता आहे, तो उगाच काढू नका.

टॅपेट सेटिंग इंजिन पूर्ण थंड असतानाच. फ्लायव्हीलवरची ‘टी’ खूण जुळवून, दोन्ही टॅपेट सैल असतील तेव्हा, फीलर गेजने. कानाने सेट करणारे उस्ताद आहेत, पण टॅपेटचा थोडा आवाज असलेला बरा. आवाज बंद करायला जास्त आवळलं, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो.

बॅटरीचं ओझं या जुन्या गाड्यांना फारसं नाही. किकच्या स्प्लेंडरला १२ व्होल्ट, अडीच अँपिअर-तासाची चिमुकली बॅटरी असते आणि ठिणगी तिच्यावर अवलंबून नाही. ती मॅग्नेटच्या कॉइलमधून येते. हेडलाइटही इंजिन फिरेल तसा जळतो, म्हणून स्लोवर तो मिणमिणतो. बॅटरी मेली तरी गाडी सुरू होते, पण हॉर्न आणि इंडिकेटर गप्प होतात. तशी गाडी घाटात नेऊ नका.

पावसाळा आणि गंज

कोकणात गाडी सांभाळायची म्हणजे गंजाशी भांडण. मृगाच्या आधी एक रविवार काढा. मडगार्डच्या आतली माती खरवडून काढा. ती माती महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून पोखरला जातो. गंज दिसेल तिथे पॉलिश पेपर, मग रेड ऑक्साइड, मग रंग. नुसता वरून रंग मारला तर गंज त्याखाली सुखाने वाढतो.

आमच्याकडे पावसाळ्याआधी गाडीच्या खाली जळकं काळं ऑइल फासायची जुनी रीत आहे. पत्र्याला थोडा उपयोग होतो, नाही असं नाही. पण ते रबराला खातं, ड्रममध्ये थेंब गेला तर ब्रेक लागत नाही, आणि पहिल्या पावसात सगळं अंगणातून विहिरीच्या दिशेने जातं. मी आता बोल्टांच्या टोकांना, स्टँडच्या सांध्यांना आणि तारांच्या बुडाशी ग्रीस लावतो.

सायलेन्सर बाहेरून चकचकीत आणि आतून चाळण, असं का होतं? पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. गाडी नाक्यापर्यंत नेऊन लगेच बंद केली तर ती वाफ आतच थंड होऊन साचते. म्हणून घरातल्या घरात ‘रोज दोन मिनिटं चालू करतो’ याने फायद्याऐवजी नुकसान होतं. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर नेऊन आणा, सायलेन्सर चांगला तापू द्या.

टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी आत उतरतं. पाणी जड, ते तळाशी बसतं; म्हणून गाडी ऑनवर नीट चालते आणि रिझर्व्हला घेतली की धक्के खाऊन बंद पडते. कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून थोडं काढलं, तर बाटलीत पाण्याचे थेंब वेगळे दिसतात. टाकी आतून गंजली असेल तर ती उतरवून, पांढऱ्या व्हिनेगरने भरून दिवसभर ठेवा, आत मूठभर नट टाकून हलवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि साध्या पाण्याने धुवा. उन्हात पूर्ण वाळवा, लगेच आत थोडं ऑइल फिरवा. वाळवण्यात आळस केला तर दोन दिवसांत पुन्हा तांबूस.

गाडी पुरात बुडाली तर

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आमच्या आळीत पंधरा-वीस दुचाक्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर जो तो चिखलातून गाडी काढून किक मारत होता. ज्यांनी मारली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची इंजिनं नंतर उघडावी लागली. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आणि मधे सापडतो तो कनेक्टिंग रॉड. पुराच्या पाण्यात गाळही असतो, तो सॅण्डपेपरसारखा घासतो.

चावी लावू नका. गाडी ओढत न्या, पंपाच्या जोरदार धारेने नव्हे, साध्या नळीने धुवा. बॅटरी काढा. विमा सर्वंकष असेल तर धुण्याआधी फोटो काढा; नुसत्या थर्ड पार्टीत पुराची भरपाई मिळत नाही. टाकी, कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टर रिकामे करा. इंजिन ऑइल काढा. चहासारखं किंवा ताकासारखं निघालं तर आत पाणी गेलंय. प्लग काढून आत थोडं स्वच्छ तेल सोडा आणि मगच किक हाताने दाबून पाणी बाहेर काढा. स्वस्तातलं ताजं ऑइल भरून गाडी काही मिनिटं स्लोवर चालवा, काढा, पुन्हा भरा. तेल स्वच्छ दिसेपर्यंत, दोनदा-तीनदा. ड्रम, चाकांची बेअरिंगं, बॉल रेस, मीटरची केबल उघडून ग्रीस बदला. वायरिंगचे सगळे जोड सोडवून वाळवा. बेअरिंगं राहून जातात आणि दिवाळीच्या सुमारास घर्र आवाज करायला लागतात.

लांब जाणार असाल तर

दीड-दोन महिन्यांसाठी जात असाल तर टाकी ताज्या पेट्रोलने भरा, कॉक बंद करा आणि गाडी चालू ठेवून कार्ब्युरेटर कोरडा होऊन ती आपोआप बंद पडू द्या. त्याहून जास्त असेल तर टाकी रिकामी करून आत ऑइल फिरवा, बॅटरी काढून घरात ठेवा, जायच्या आधी ऑइल बदला. मधल्या स्टँडवर, शक्य तर पुढचं चाकही विटेवर उचलून. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा आणि चावीला चिठ्ठी बांधा, नाहीतर कोणीतरी फडक्यासकट किक मारेल. वायरिंगजवळ डांबरगोळ्या. आणि प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळू नका, आत घाम धरतो. पडवीत जुनी सुती चादर पुरते.

चोरीचं थोडक्यात. वीस वर्षं वापरलेलं कुलूप इतकं झिजलेलं असतं, की शेजारच्या गाडीचीही चावी लागते. लॉकसेट नवा घाला. शहरात ठेवत असाल तर मागचं चाक आणि स्विंग आर्म यांमधून जाड साखळी, आणि ओळखीच्या वायरमनकडून एक लपवलेला स्विच.

पार्ट, फिटर आणि हौस

या गाड्यांचं एक सुख म्हणजे पार्ट तालुक्याच्या गावातही मिळतात. चेनसेट, लायनर, केबल, बेअरिंग, ऑइल सील कंपनीचेच घ्या. इंडिकेटरच्या काचा, फुटरेस्टचं रबर लोकल चालतं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी, रविवारी जुने पार्ट मिळतात; मी तिथून मूळचं मीटर आणलंय. पण पूर्ण इंजिन किंवा नंबर ठोकलेली कुठलीही वस्तू बिलाशिवाय घेऊ नका, चोरीची निघाली तर निस्तरत बसाल. काढलेला मूळ पार्ट फिटरकडे सोडून येऊ नका. त्याच्या दर्जाचा पत्रा आता मिळेलच असं नाही.

फिटर निवडताना एवढंच बघा, तो टॉर्क मोजणाऱ्या पान्याला हसतो का. अ‍ॅल्युमिनियमचे आटे जोराने आवळले की जातात, आणि ऑइलच्या बोल्टाचे गेलेले आटे ही जुन्या स्प्लेंडरची सगळ्यात नेहमीची तक्रार आहे.

सायलेन्सर कापणं, हँडल बदलणं, टाकीवर दुसऱ्या कंपनीचं नाव रंगवणं ही हौस ज्याची त्याला लखलाभ. पण गाडीच्या मूळ रचनेत बदल केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न येतो आणि नूतनीकरणाला गाडी नेली की नेमकं तिथेच अडतं. ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करायचं डोक्यात असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते आणि ती रोजच्या वापराला चालत नाही. स्प्लेंडरवाल्यांना अजून बराच अवकाश आहे.

सोडायची वेळ

चेसिसच्या नळीला आतून गंज लागून भेग पडली असेल, तर वेल्डिंग करून ती चालवू नका. क्रँकचा आवाज, शेवटच्या मापाचा बोअर आणि कुजलेलं चेसिस तिन्ही एकदम आले, तर तिथे मी थांबेन. मग गाडी अशीच गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. नोंद तुमच्याच नावावर राहते, आणि त्या नंबरने उद्या कोणी काही केलं तर पोलीस तुमच्या दारात येतात. परवाना असलेल्या स्क्रॅप केंद्रात दिली, तर गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते आरटीओत देऊन नोंदणी रद्द करून घ्या आणि रद्द झाल्याचा कागद आरसीच्या जुन्या पाकिटातच ठेवा.